पाणी जोखलं

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११

हो, याच विहिरीचं. दुसरं कुठलं पिणार? लग्न होऊन या घरात आले त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तेवढी वर्षं हेच पाणी पोटात जातंय आणि बघा कशी टुणटुणीत आहे.

असं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणजे बँकेने पाठवलेला माणूस. घरांच्या किमती ठरवतो. बेकरीवाल्याला माझं घर हवंय, त्यासाठी तो कर्ज काढतोय, म्हणून बँक बघणार की घर खरंच तेवढ्या लायकीचं आहे का.

माणूस साधा दिसतो. म्हणजे आतल्या गाठीचा असणार. कानावर पेन्सिल, हातात टेप. मी नाव ठेवलं फूटपट्टी. त्याने न्हाणीघरसुद्धा मोजलं. म्हटलं, मलाही घ्या मोजून, मी पण घराबरोबरच जुनी झालेय. हसला नाही. न हसणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

निघताना म्हणाला, आजी, घोटभर पाणी मिळेल का. एकसष्टावं चाललंय आणि म्हणे आजी. पण मी ओळखलं. गडी माझं पाणी जोखतोय. आत गेले, कॅनच्या तोटीखाली पेला भरला आणि ठेवला समोर. कॅन पाहुण्यांसाठी असतो. सगळा पेला प्यायला. गोड आहे म्हणाला.

त्याचं पाणी मीच जोखलं.

किंमत नीट आली की धाकट्या बहिणीच्या इमारतीत एक खोली घ्यायची. तिसरा मजला, लिफ्ट, रस्त्याकडे खिडकी. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत बसायचं. किंमत नाही आली तर मुलाच्या हॉलमधला दिवाण. तिथे टीव्ही माझ्या उशाशी असतो, आणि सकाळी सूनबाई माझ्या अंगावरची चादर मी आत असतानाच घडी करायला घेते.

ठराव: आजपासून कमी बोलायचं.

५ मार्च, बुधवार

ठराव मोडला, पण कारण होतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

काल फूटपट्टी इथून निघाला तो सरळ पलीकडे गेला. पलीकडे शिवणवाली राहते. एकटी, माझ्यासारखीच. आमची विहीर सामाईक आहे, मधली भिंत बरोबर तिच्यावरून गेलीय. अर्धा काठ माझा, अर्धा तिचा, पाणी दोघींचं. वीस मिनिटं बोलत होते. मी घड्याळ लावून भांडी घासत होते.

आज भिंतीवरून सहज विचारलं, काय गं, काय म्हणत होता तो. म्हणाली, विहिरीला पायऱ्या किती ते विचारत होता. पायऱ्या मोजायला वीस मिनिटं? सतराच तर आहेत. म्हणाली, मग मी चहा दिला. घे, तूही ये, आधण ठेवते.

नको म्हटलं. तिच्या चहात साखर फार असते.

तिचा हात बघितला. तळहातावर बारीक खरखरीत दाणे आलेत. म्हणाली, रेशमी कापडाला हात अडकतो गं, धागे ओढले जातात, गिऱ्हाईक कुरकुरतं. मी म्हटलं, एवढा पैसा घट्ट धरून ठेवतेस, हाताला घट्टे पडणारच. हसली. ती माझ्या सगळ्या विनोदांना हसते. हेही संशयास्पदच.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी

फूटपट्टीचा फोन. सोमवारी पाण्याचं सॅम्पल न्यायला येतोय. घराची किंमत विहिरीवर पण असते म्हणे. मी म्हटलं, घर विकतेय, विहीर फुकट देतेय. म्हणाला, तसं नसतं आजी. परत आजी.

आपलं पाणी चांगलंच आहे, प्रश्नच नाही. स्वच्छ, तळ दिसतो. पण तपासायला जायचं तर चार लोकांत जाणं आलं. लग्नाला जाताना आपण कपाटातली साडी काढतो, तसं विहिरीलाही जरा नटवायला हवं.

योजना पक्की. कोणाला सांगायची नाही.

१० मार्च, सोमवार. सकाळी ७

कॅनवाल्याकडून चार कॅन मागवले. कॅनवाला म्हणाला, मावशी, दोन दिवसांआड एक कॅन नेता, आज एकदम चार, पाहुणे हत्तीवर बसून येतायत का. चोंबडा. म्हटलं, मुलगा येतोय, सूनबाईचं पोट नाजूक आहे. पोट नाजूक कसलं, दगड पचवते ती.

चारही कॅन विहिरीत रिकामे केले. कंबरेचा काटा ढिला झाला. चौथा ओतत होते तर पलीकडून शिवणवाली बादली घेऊन आली. बघत राहिली. म्हणाली, अगं, लोक विहिरीतून पाणी काढतात, तू ओततेस काय. मी म्हटलं, विहिरीला तहान लागली होती.

हसली, पण आधी थोडा वेळ बघत होती. त्या बघण्याचं काय करायचं ते बघायला हवं.

त्याच दिवशी, दुपारी १

फूटपट्टी आला. मी म्हटलं, द्या बाटली, मी भरून देते. नाही म्हणाला. स्वतः दोर धरला. एक बादली काढली, अंगणात ओतली. दुसरी काढली, ओतली. मी म्हटलं, अहो, झाडं बुडतील. म्हणाला, वरचं पाणी घेत नाहीत, आधी वीसेक बादल्या काढून टाकायच्या, मग आतलं खरं पाणी येतं.

माझे चार कॅन डोळ्यांदेखत अंगणातून गटारात गेले. कोणीतरी त्याला सांगितलंय. नाहीतर सरळमार्गी माणूस वीस बादल्या कशाला ओतेल.

एकविसाव्या बादलीतून बाटली भरली, वर चिठ्ठी चिकटवली. मी विचारलं, चांगलं दिसतंय ना. म्हणाला, दिसण्याचं काही नसतं आजी.

२० मार्च, गुरुवार

रिपोर्ट आला. पिण्यायोग्य नाही. आर्सेनिक, मर्यादेच्या तिप्पट.

आर्सेनिक हे मला खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. फूटपट्टी रिपोर्ट घेऊन घरी आला होता. म्हणाला, त्याला ना रंग ना चव, उकळून जात नाही, आणि माणसाला पटकन काही होत नाही, हळूहळू होतं. मागच्या पानावर काय काय होतं ते लिहिलं होतं. तळहाताचं काहीतरी होतं. मी पान उलटलं.

घराची किंमत मी धरली होती त्याच्या निम्म्याहून खाली. आणि नळजोडणीचा खर्च वेगळा वजा.

मी म्हटलं, तुम्हीच तर प्यायलात, गोड म्हणालात. तो म्हणाला, विहीर असलेल्या प्रत्येक घरात मी पाणी मागतो. पाण्यासाठी नाही, माणूस पाणी आणायला कुठे जातो ते बघायला. तुमचा दोर कोरडा होता. तुम्ही आत गेलात, आणि आतून कॅनच्या तोटीचा आवाज आला.

हे तो हळू आवाजात म्हणाला, दारापाशी, दुसरं कोणी ऐकणार नाही असं. म्हणाला, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. उपकार करतोय जसे.

शेवटी हसला. मला ते आवडलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

विचार करून ठरवलं की यात तिसऱ्याचा हात आहे.

एक, कॅनवाला. पण त्याला घराशी काय. दोन, मुलगा. घर पडेल भावात गेलं तर आई गुपचूप दिवाणावर येईल. शक्य आहे, पण मुलगा एवढा हुशार नाही, तो बापावर गेलाय. उरली शिवणवाली.

गेले आणि भिंतीवरून तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, तूच त्याला पाणी वाईट म्हणून सांगितलंस. मी चांगल्या इमारतीत जाणार हे तुला बघवत नाही. पहिल्यापासून मला पाण्यात पाहतेस. समोरच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या, तरी मी थांबले नाही, उलट जरा आवाज चढवला.

तिला राग यायला हवा होता. म्हणाली, अगं, मी कशाला वाईट म्हणेन, मी हेच पिते. मग म्हणाली, रिपोर्ट खोटाच असणार. तू जन्मभर पितेस, तुला काय झालंय.

मी म्हटलं, तेच तर.

मुलाचा फोन आला. सूनबाई दिवाणाला नवं कव्हर शिवून घेतेय. कोणाकडून तर शिवणवालीकडून. तिला माप आधीच पाठवलंय. बघा म्हणजे, कसे सगळे एकमेकांना मिळालेले आहेत.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४

बेकरीवाला आला, घर घेत नाही असं सांगायला. रोज पन्नास किलो पीठ मळतो म्हणाला, लोकांच्या पोटात जायचं, असलं पाणी कसं चालेल.

मी युक्तिवाद सुरू केला. रिपोर्ट काय, माणसंच लिहितात. माणसं चुकतात. तो ऐकेना. तेवढ्यात पलीकडून शिवणवाली आली. परवाचं मनात धरून काहीतरी बोलणार म्हणून मी सावध झाले. तिच्या हातात बादली होती, आणि पेला.

बेकरीवाल्याला म्हणाली, भाऊ, या वहिनी एकेचाळीस वर्षं हे पाणी पितायत आणि मी तीस. यांच्याकडे बघा. मी यांच्याकडे बघूनच तर पिते. आणि त्याच्या समोर पेला भरला, गटागटा प्यायली. मग दुसरा भरला.

बेकरीवाला माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता म्हणेल, तुम्हीही प्या. तेवढं म्हणाला नाही. मान हलवून गेला.

तो गेल्यावर ती म्हणाली, नाही पटलं बाई त्याला. असू दे. दुसरा मिळेल. तू नको धीर सोडू. मग पेल्यात थोडं उरलं होतं ते माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, आत्ताच प्यायले.

२४ मार्च, सोमवार

आज कसलाच ठराव नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आरोग्य केंद्रातली नर्स दोन्ही घरांसाठी मिळून एक बाटली भरून घेऊन गेली होती. शिवणवाली त्या दिवशी मापं घ्यायला बाहेर गेली होती. चिठ्ठी एकच आली, माझ्या दारात. ठळक लिहिलं होतं, हे पाणी पिऊ नये. खाली लिहिलं होतं, शेजारच्या घराला कळवावे. मी दुसऱ्या दिवशी कॅन लावला. तिला कळलं असतं तर गल्लीला कळलं असतं, आणि घराला कोणी गिऱ्हाईक फिरकलं नसतं. दहा महिने झाले. मी तिला सांगितलं नाही.