कामोठ्याची वीरमाता

कामोठे,
दि. ४ फेब्रुवारी

चि. सुशांत यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला भाच्याशी बोलायला पत्र लिहावं लागतंय, हे त्या खात्याचं दुर्दैव. तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवतोस. पत्राला तसं उत्तर देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

बातमी आनंदाची आहे. मी वीरमाता झाले.

सोमवारी भाजी आणायला गेले, तर आमचा गणू भाजीवाला, जो चार मिरच्या वर टाकताना श्वास रोखतो, त्याने मेथीची अख्खी जुडी पिशवीत घातली आणि पैसे घेईना. मानसरोवर स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याने भाड्याचे पैसे घेतले नाहीत, वर पाया पडला. पार्किंगवरून वर्षभर अबोला धरलेले सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आपण वारलो आणि घरच्यांनी कळवलंच नाही. मग संध्याकाळी काकांबरोबर हायवेच्या नाक्याशी गेले आणि मान वर केली.

तिथे मी. दोन मजली. काळीपांढरी. रडतेय. माझ्या मागे ते जहाज जळतंय. हो, तेच, सप्टेंबरात आखातात ज्या आपल्या मालवाहू जहाजावर हल्ला झाला आणि खलाशी गेले, ज्यांच्यासाठी अख्ख्या देशाने मेणबत्त्या लावल्या. मीही लावली होती. माझ्या हनुवटीखाली लिहिलंय, ‘समुद्रात सांडलेल्या रक्ताची शपथ! या वीरमातेचे अश्रू पुसायला मत इंद्रजीतदादांनाच!’ निवडणूक महापालिकेची आहे, सुशांत. आमच्या सेक्टरला दिवसाआड पाणी येतं. दादा त्याचं काय करणार ते लिहिलेलं नाही. पण आखातातल्या पाण्याचा बंदोबस्त ते करणार आहेत.

मला मुलगा नाही हे तुला ठाऊक आहे. या लोकांनी मला मुलगा दिला आणि त्याच कागदावर मारूनही टाकला. बाळंतपण आणि सुतक एका रात्रीत. माझं कुंकू पुसलंय, मंगळसूत्र गायब केलंय. काका बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले की आपल्याला मारलं त्याबद्दल तक्रार नाही, पण निदान आधी विचारायचं होतं, मी नाश्ता तरी करून घेतला असता.

आता मुद्द्याचं. हा फोटो आपल्या सईच्या पाठवणीचा आहे. मूळ फोटोत माझ्या नाकात नथ आहे आणि डोळ्यांत पाणी आहे, कारण पोरगी बंगळूरला निघाली होती. तो काढणारा एकच माणूस होता आणि तो पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला आहे. मी कुणावर संशय घेत नाही. फक्त विचारते, त्या कंपनीत चोऱ्या होतात का?

उत्तराची वाट पाहते. लोभ आहेच, तो तुझ्या वागण्यावर ठेवला असता तर केव्हाच आटला असता.

तुझी,
वसुंधरामावशी


पुणे,
दि. ७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सुशांतचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात मोठ्याने हसलो आणि मग दार लावून घेतलं. चोरी झालेली नाही. फोटो मीच दिला.

रागवण्याआधी ऐक. दादांच्या प्रचाराचं काम आमच्याकडे आहे. त्यांना ‘एक आई’ हवी होती. त्यांची माणसं आधी उरणला एका खऱ्या आईकडे गेली होती. तिने कॅमेरा बघून त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मग आम्ही कॉम्प्युटरकडून आया बनवून घेतल्या. एकीला सहा बोटं आली, दुसरी सिरियलमधली सून वाटत होती. छपाईची वेळ झाली, साहेब डोक्यावर उभे, आणि माझ्या लॅपटॉपवर सईच्या लग्नाचे फोटो. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते खरं होतं, मावशी. मी त्यातलं फक्त जरा निमित्त बदललं.

तू म्हणशील, हे बरोबर नाही. पण समोरच्या उमेदवाराचं पोस्टर बघ. तो स्वतःच त्या जहाजावर कप्तानाची टोपी घालून उभा आहे. आयुष्यात घारापुरीच्या लाँचमध्येही त्याला मळमळतं म्हणे. सगळेच करतात. दुःख देशाचं आहे, त्यात कुणाचा चेहरा लावला याने काय फरक पडतो? आणि कुणाचं नुकसान झालं? तुला तर मेथी मिळाली.

एकच विनंती, मतदान होईपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. हे काम नीट पार पडलं तर मला वरची जागा मिळेल. काकांना माझ्यातर्फे दीर्घायुष्याच्या शुभेच्छा सांग; त्यांना त्यांची सध्या गरज दिसते.

तुझ्या रागातही माझी जागा राहू दे.

तुझा,
सुशांत


कामोठे,
दि. ११ फेब्रुवारी

चि. सुशांत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुणाचं नुकसान झालं असं तू विचारलंस. तुझ्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी ते आपल्या पायांनी चालत माझ्या घरी आलं.

दुपारी बेल वाजली. दारात साठीची एक कोळीण आणि तिची मुलगी. बाईचं नाव गुणाबाई, मुलीचं रिया, राहायला उरणच्या कोळीवाड्यात. गुणाबाईंचा मुलगा शैलेश त्या जहाजावर स्वयंपाकी होता. तो सापडला नाही, शरीरही नाही. त्याच्या कागदपत्रांसाठी त्या पनवेलला आल्या होत्या आणि बसमधून त्यांना तुझं होर्डिंग दिसलं. त्या तिथेच उतरल्या, आणि दुकानादुकानांत विचारत माझ्यापर्यंत पोचल्या. अशा घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून बरोबर सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. पिशवी माझ्या हातात दिली, माझ्याजवळ बसल्या, माझा हात धरला आणि विचारलं की तुमच्या पोऱ्याचं नाव काय? जहाजावर माज्या शैलेशबरोबर व्हता का? फोनवर तो दोस्तांची नावं सांगायचा, त्यातला तुमचा कोन?

टेलिफोनवर तीस वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून मी उत्तरं दिली आहेत. इथे मी मांडीवरच्या पिशवीची गाठ चाचपत बसले. तेवढ्यात तुझे दिवंगत काका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. भिंतीवर सईच्या लग्नाचा फोटो. मी सगळं सांगितलं. फोटो कसला, अश्रू कसले, काढला कुणी.

मला वाटलं त्या उठून जातील. त्यांनी फक्त विचारलं की पोरगी सुखात हाय ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मंग झालं.

रिया मात्र गप्प बसली नाही. तिने सांगितलं ते नीट वाच. पक्षाची माणसं तिच्या आईला कॅमेऱ्यापुढे रडायला सांगत होती. आईने नकार दिला, कारण ती अजून रडलेलीच नाही. शैलेश मिळाला नाय, मंग रडू कशी, रडले तं तो गेला असं व्हईल, असं तिचं म्हणणं. ती टोपली घेऊन बाजारात जाते, मासे विकते, घरी येते. आणि आता वाड्यातल्या बाया तुझं पोस्टर मोबाइलवर एकमेकींना दाखवतात आणि म्हणतात, ही बघा आई कशी असते, नाहीतर ही गुणाबाय, पोरगा गेला तरी डोळ्याला पाणी नाय. सर्वांत जास्त बोलते ती सख्खी जाऊ. खऱ्या आईने अश्रू दिले नाहीत म्हणून तू माझे लावलेस, आणि आता माझ्या अश्रूंनी तिला तिच्याच अंगणात नापास केलंय.

निमित्त जरा बदललं म्हणालास ना? जरा मोठंच निघालं.

ते होर्डिंग उतरवून घे. नाहीतर शनिवारी मी आणि काका त्याच्याखाली जाऊन उभे राहणार. मी नथ डब्यातून काढून ठेवली आहे, त्या दिवशी घालायला. काकांनी कोटाला इस्त्री करून आणली. म्हणतात, मेल्यानंतरचं पहिलंच बाहेर जाणं आहे.

आशीर्वाद कायम आहेत, पण सध्या थोडे मागे ठेवले आहेत.

वसुंधरामावशी


पुणे,
दि. १३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

साहेबांना सांगितलं. गुणाबाईंचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले की खरी आई आणि पोस्टरवरची आई, दोघींना एका स्टेजवर आणलं तर काय दृश्य होईल. मी तिथून उठलो.

छापणाऱ्याला फोन केला, तो म्हणतो उमेदवाराने सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. उमेदवाराची माणसं म्हणतात, मतदान झालं की लगेच उतरवू. मावशी, अगदी थोडेच दिवस राहिलेत. शनिवारी जाऊ नकोस. तिथे काय होईल सांगता येत नाही आणि मला तुझी काळजी वाटते. नोकरीचीही वाटते, खोटं कशाला बोलू.

तुझा,
सुशांत


कामोठे,
दि. १६ फेब्रुवारी

चि. सुशांत यास,
आशीर्वाद. वि. वि.

आम्ही गेलो. शालू, नथ, कपाळभर कुंकू, शेजारी कोटातले काका. आधी लोकांना वाटलं, प्रचारच आहे. एकाने हार घातला. कुणीतरी कळवलं असावं. इंद्रजीतदादा स्वतः गाडीतून उतरले, दहा मोबाइल समोर धरले गेल्यावर माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि माइकवर म्हणाले की ही केवळ एक आई नाही, ही भारतमाता आहे.

मी माइक मागितला. त्यांनी कौतुकाने दिला. मी सांगितलं की मला एकच मुलगी, ती बंगळूरला असते, तिला सर्दी झाली आहे, बाकी बरी आहे. हे माझे यजमान, यांना फक्त रक्तदाबाचा त्रास आहे. वरचा फोटो मुलीच्या लग्नातला आहे. ज्यांचा मुलगा खरंच गेला त्या बाईंनी तुम्हाला नाही म्हटलं होतं, आणि... इथे माइक बंद पडला. इतका देशभक्त माइक मी पाहिला नव्हता.

कामोठ्यात मात्र कळायचं ते कळलं. सकाळी होर्डिंग उतरलेलं होतं. गणूने मेथीचे पैसे मागून घेतले, तेव्हा मला खरं बरं वाटलं.

दुपारी समोरच्या पक्षाची माणसं पेढे घेऊन आली. त्यांना माझा फोटो हवाय. वर ‘अश्रूचोरांना धडा शिकवा’ असं लिहिणार आहेत. त्यांना गुणाबाईंचाही पत्ता हवा होता. मी पेढ्यांसकट त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

पण ऐक. दादांच्या माणसांनी व्हिडिओ कापून फिरवला आहे. त्यात दादा माझ्या पायांवर डोकं ठेवतात, भारतमाता म्हणतात आणि संपतो. रियाचा फोन आला होता. वाड्यात तोच पोचलाय. जाऊबाई म्हणाल्या म्हणे, बघा, खऱ्या आईच्या पायांवर पुढारी डोकं ठेवतात. मी जाऊन सांगितलं तर कुणी ऐकेल असं वाटत नाही. मी तर त्या व्हिडिओत हार घालून उभी आहे. ज्याने केलं त्यानेच जाऊन सांगायला हवं. मूळ फोटो तुझ्याकडेच आहे.

मी तुला जा म्हणत नाही. तू मोठा झालास. वरच्या जागेपर्यंत पोचलास.

वसुंधरामावशी


पुणे,
दि. २६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सुशांतचा सा. न. वि. वि.

निकाल तुला माहीत आहे. इंद्रजीतदादा दणदणीत मताधिक्याने निवडून आले. साहेबांनी ऑफिसात केक कापला आणि मला वरची जागा दिली. ती मी तिथल्या तिथे नाकारली असं लिहायला आवडलं असतं. मी दोन दिवस मागून घेतले आणि उरणला गेलो.

रियाने मला घरात घेतलं नाही. ती मला सरळ बुधाजींकडे घेऊन गेली. ते वाड्यातले जाणते, सगळे त्यांना मानतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि देवळापुढे माणसं बोलावली. जाहिरातीच्या मीटिंगमध्ये मी शंभर लोकांपुढे बोलतो, तिथे पहिलंच वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. मी सांगितलं की पोस्टर माझं, त्यावरची बाई माझी मावशी, रडू लग्नातलं, आणि व्हिडिओ अर्धाच आहे. मूळ फोटो मोबाइलवर काढून दिला. तो हातोहात फिरला. तुझी नथ सगळ्यांनी बोटांनी मोठी करून पाहिली. एक माणूस हसला. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं की मावशीचं कुकू पुसताना तुजा हात नाय थांबला? मी म्हटलं, नाही. बुधाजींनी विचारलं की छापण्याआधी शैलेशचं नाव तरी ठाऊक व्हतं का? तेही नव्हतं.

गुणाबाई देवळापाशी आल्याच नव्हत्या. त्या आपल्या अंगणात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मोबाइल शेवटी त्यांच्या जावेच्या हातात आला. तिने फोटो बराच वेळ बघितला, मोबाइल मला परत दिला आणि चालू लागली. मी आणि रिया मागे गेलो. ती गुणाबाईंच्या अंगणात गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि जवळा निवडायला लागली. दोघीही मान खाली घालून निवडत होत्या. कुणी माफी मागितली नाही, कुणी काही विचारलं नाही. असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. मग गुणाबाईंचे हात थांबले. त्यांनी मुलाला हाक मारली. एकदाच, नावाने, जेवायला बोलवावं तशी. आणि त्या तिथेच जावेच्या खांद्यावर कोसळल्या.

जावेने त्यांना धरून आत नेलं. रिया उंबऱ्यावर वळली. तिने माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर उभा राहिलो. आतला आवाज रस्त्यापर्यंत येत होता. एवढ्या वर्षांत इतक्या जाहिराती केल्या, मावशी, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. तिथे उभं राहण्याचा मला काही अधिकार नाही, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग चालत स्टँडवर आलो.

साहेबांना सकाळी नकार कळवला. ते चकित झाले, कारण विचारलं. मी फक्त शैलेशचं नाव सांगितलं.

काकांना नमस्कार. मला घरी येऊ देशील तेव्हा येईन.

तुझा,
सुशांत