तिसऱ्या जागेवरचं कुस्वार

मंगळूर, २ ऑक्टोबर

चि. लव्हिना हिस हिल्डामावशीचे अनेक आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे.

माझ्या कुस्वाराची जाहिरात तू इंटरनेटवर लावलीस, देव तुझं बरं करो. पण बाय, काल मी कुस्वार, नाताळचा फराळ म्हणून शोधलं, तर वर तीन भलत्याच बेकऱ्या आणि मी चौथी! मला पहिली जागा हवी. शाळेत सिस्टर पेट्रोनिलाने मला कधी पहिल्या बाकावरून उठवलं नाही. ही जागा देतं कोण? त्याला नेवऱ्यांचा डबा पाठवला तर चालेल का?

माझ्या रॉयस्टनचं तुला ठाऊकच आहे. यंदा भट्टी चालली नाही तर ती विझवून मी कायमची शारजाला त्याच्याकडे जायचं, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मुलगा सोन्यासारखा आहे गं, पण त्याच्या त्या उंच घरात खिडकीसुद्धा उघडत नाही. मी तिथे करू काय?

तुझी,
हिल्डामावशी


बंगळूर, ९ ऑक्टोबर

ति. मावशीस लव्हिनाचा सा. न.

लाच चालत नाही. डबा मलाच पाठव.

जागा कुणी देत नाही, तिचा लिलाव होतो. मोंतीच्या सणाला नव्या पिकातल्या भोपळ्याचा देवळाबाहेर होतो, तसाच. कुणी काही शोधलं की पापणी लवायच्या आत नवा लिलाव. जाहिरात नुसती पाहिली तर फुकट. तिच्यावर बोट ठेवून कुणी आत आलं, की आपण पैसे भरायचे. दर बोटाचे किती, तीच आपली बोली. पण नुसत्या पैशावर भागत नाही. शोधणाऱ्याला जे हवं तेच आपण लिहिलं असेल, तर कमी बोलीतही वर सरकता येतं.

माझं मत तिसऱ्या जागेचं. पहिल्या जागेवर हौशे-नवशे येतात, वास घेऊन परत जातात. तिसरीपर्यंत येणारा वाचत वाचत आलेला असतो. पण तू ऐकायची नाहीस. मम्मी म्हणते, तू बसमध्येही ड्रायव्हरच्या मागची सीट सोडत नाहीस! तेव्हा थोडे दिवस पहिली जागा घेऊन बघू. रोजच्या खर्चाला मर्यादा घातली आहे. ती संपली की जाहिरात दुसऱ्या सकाळपर्यंत दिसत नाही.

माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझी,
लव्हिना


मंगळूर, ५ नोव्हेंबर

चि. लव्हिनास अनेक आशीर्वाद.

पहिली आले! फादर अन्सेल्मनी देवळात मिसेची प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की आपल्या आळीतली हिल्डाबाई जगात पहिली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सगळी आळी सकाळी आधी मला बघते. शेजारची शार्लटबाय देवळाच्या पायऱ्या उतरतानाच फोन काढते, माझ्या नावावर बोट ठेवते, फोटो डोळे भरून बघते आणि मगच चहाला जाते. तिची सून, सुनेची आई, गायनमंडळातल्या साऱ्याजणी, सगळ्यांचा तोच नेम.

पण ऑर्डरी कुठायत? आणि न्याहारी आटोपून मी बघते, तर माझं नावच नाही! बाकीच्या बेकऱ्या दिवसभर असतात. हे गौडबंगाल काय आहे? रॉयस्टनने व्हिसाचे कागद पाठवलेत. सही केलेली नाही अजून.

काळजीत असलेली,
हिल्डामावशी


बंगळूर, १० नोव्हेंबर

ति. मावशीस सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलवरचे उठून आले. मग मात्र रडूच यायचं बाकी राहिलं.

अगं, आळीतलं प्रत्येक प्रेमाचं बोट आपल्या पैशाने पडतंय! न्याहारीपर्यंत मर्यादा संपते, आणि दुपारी पुण्यात किंवा दुबईत कुणी खरंच कुस्वार शोधतं, तेव्हा तू तिथे नसतेसच. त्यांच्यापैकी एकीने तरी कधी तुझं कुस्वार विकत घेतलंय का? नाताळला रुमाल झाकून ताट तूच त्यांच्याकडे पाठवतेस. त्यांच्यासाठी तू कायमच पहिली आहेस.

म्हणून तुला न विचारता मंगळुरात जाहिरात बंद केली आहे. आता ती बाहेरगावी आणि आखातात दिसेल, तिसऱ्या जागेवर. शिव्या पत्रानेच दे. काम एकच कर. वरचे दोघं स्वतःला सर्वोत्तम म्हणवतात. तू खरंच जे करतेस, ते दोन ओळींत लिहून पाठव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
लव्हिना


मंगळूर, १८ डिसेंबर

चि. लव्हिनास आशीर्वाद, घाईतले.

रागावले होते, पण आता रागवायला सवड नाही. माझ्या दोन ओळींनी काम केलं. काटेचमच्यावर एकेक हाताने वळलेल्या गोड, कुरकुरीत किडयो, ज्यांच्या घरी आता करणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी, एवढंच तर लिहिलं होतं. पुण्याहून, मस्कतहून ऑर्डरी येताहेत.

शार्लटबायला मी फोनवर दिसेना, तेव्हा तिने माझं दिवाळंच काढलं. माझ्यासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरली आणि सांत्वनाला आली, तर खोक्यांमुळे बसायला खुर्ची नाही! तिलाच किडयो वळायला बसवलं. वळता वळता म्हणाली, की तिसरी येऊन ही गत, तर पहिली राहिली असतीस तर आम्हाला घर सोडून पळावं लागलं असतं.

काल रॉयस्टनचा फोन आला. त्याच्या ऑफिसात उडुपीकडचा एकजण आहे, गेल्या वर्षी त्याची आई गेली. त्याने डबा मागवून सगळ्यांत फिरवला. रॉयस्टनने किडयो तोंडात टाकल्या आणि कुठून आणल्यास म्हणून विचारलं. तो म्हणाला, वरच्या दोघांनी आपलीच तारीफ केली होती, तिसरीने माझ्याबद्दल लिहिलं होतं.

आता रॉयस्टन व्हिसाचं काढणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पण तो म्हणाला, की मम्मी, ईस्टरला मार्झिपानची अंडी करणार असशील, तर आमच्या मजल्यावरची नावं आत्ताच लिहून घे.

ईस्टरला कितव्या जागेवर बसू ते कळव. मायेला झाकण लावू नकोस, वाटत राहा.

तुझी,
हिल्डामावशी