बार्तुलने बोट विकल्यावर

रविवार, ३ सप्टेंबर. सकाळी साडेदहा.

बार्तुलने बोट विकली.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. साडेदहा. मी चर्चमध्ये गुडघे टेकून शेजाऱ्यांच्या पापांसाठी प्रार्थना करत होते, आणि माझा सख्खा भाऊ धक्क्यावर उभा राहून बाबांची लाकडी बोट पलीकडच्या गावच्या ज्वोनकोच्या बोटीमागे बांधून देत होता. बाहेर आले तर आमची जागा रिकामी. भिंतीतलं लोखंडी कडं आणि खाली पाणी!

"विकलीस?"

"विकली."

"मला विचारलंस?"

"तू सत्तर, मी बहात्तर. समुद्राशी काय काम राहिलंय आपलं, पेरे?"

काय काम! समोरच्या बेटावर आमची ऑलिव्हची झाडं आहेत, त्यांची फळं कोण तोडणार — सीगल? बाबांनी वाटणी ओळीने केली: एक झाड त्याचं, एक माझं, पुन्हा एक त्याचं. म्हणजे कितीही भांडलो तरी तोडणीला एकत्र जावंच लागेल. या किनाऱ्यावर पुष्कळ घरांत अशीच वाटणी. आणि दुसऱ्याच्या झाडाला कुणी हात लावत नाही. मी जमीन नोंदणीच्या कचेरीत आयुष्य काढलं. भावाने भावाला कोर्टात खेचलेलं पाहिलं, पण झाडाला हात लावलेला पाहिला नाही.

सिस्टर बेनिग्ना शाळेत सांगायची, राग कागदावर उतरवा आणि कागद फाडून टाका. यातला पहिला भाग मी पाळते.

सोमवार, ४ सप्टेंबर

बोलणं बंद. तो खाली, मी वर, जिना दोघांचा.

आज त्याने रस्त्यावरून जिना चढून घरी येताना डाव्या बाजूची माझी रोझमेरीची कुंडी लाथेने उडवली. वळून पाहिलंही नाही. उन्हाळ्यातली ही दुसरी कुंडी! असा सूड?

कुणाकडे बोट मागणार नाही. या गावात मागून नेलेली बोट तुमच्या अंत्ययात्रेतही ऐकवतात.

शनिवार, ९ सप्टेंबर

निवेसकडे गेले. ती खाडीवर पर्यटकांना कयाक भाड्याने देते, हंगाम संपला की जुन्या विकते.

"कुणासाठी, पेरिना मावशी? नातवंडं आलीत?"

"नातवंडं नाहीत. मला हवी."

हसली नाही. म्हणून तिचे पुढचे दोन-तीन अपमान आगाऊ माफ.

आत पाय खुपसून बसायची कयाक नको, हे मी आधीच ठरवलं होतं. वर बसायची हवी. ती म्हणजे चहूकडून बंद असलेली पोकळ होडी, बसायची जागा वरच कोरलेली. लाट अंगावर आली तर पाणी भोकांतून खाली निघून जातं. उलटली तरी बुडत नाही. सरळ करायची आणि चढून बसायचं.

"चढता येईल तुम्हाला?"

"पोरी, मी दरवर्षी झाडावर चढते."

"झाड उलटत नाही, मावशी."

पहिला अपमान.

गुरुवार, १४ सप्टेंबर

पिवळी घेतली पाहायला. आखूड, रुंद, बुडाने पसरट. सकाळी खाडीत पाणी तेलासारखं — आणि मी राणीसारखी! सँडविचही खाल्लं. हीच घ्यायची, म्हटलं.

निवेस म्हणाली, "दुपारी माएस्त्राल वारा सुटू दे, मग बोला."

सुटला. बेटाच्या दिशेने जरा बाहेर गेले मात्र, पिवळी वाऱ्याबरोबर दुसरीकडेच निघाली. एकदा वल्हं मारलं की तोंड उजवीकडे, दुसऱ्यांदा मारलं की डावीकडे. पुढे जायचं नावच नाही. खांदे भरून आले. रुंद बूड शांत पाण्यासाठी चांगलं, पण वाऱ्यात ती नुसती तरंगती खाट. मग थंडीतला बुरा वारा सुटला तर? तो आधी सांगत नाही, डोंगरावरून थेट मानेवर येतो.

परतताना धक्क्याला अगदी लागून आले. बार्तुल बाकावर बसला होता. त्याच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर होते मी. मुद्दाम वल्हं उंच केलं — बघ, तुझ्यावाचून अडत नाही!

त्याने मान हलवली नाही. जणू मी समुद्रातला कचरा.

शनिवार, २३ सप्टेंबर

लांब निळी. अरुंद, पाण्यात सुरीसारखी जाते. सरळ! लाटेलाही भीक घालत नाही. फक्त मला तिच्यावर बसू देत नाही. तीनदा पडले. तिसऱ्यांदा पोटावर आडवी होऊन चढले, टुना मासा फळीवर ओढतात तशी. किनाऱ्यावरून निवेसने टाळ्या वाजवल्या. दुसरा अपमान.

मग मला शहाणपण शिकवू लागली. "एकाच पाण्याला बघून कयाक निवडू नये, मावशी. तुम्हाला खाडी शांत लागते, मधला समुद्र खवळलेला, आणि बेटावर धक्काच नाही, खडक. वर पोतीही आणायची. ही हिरवी बघा. दोघांची आहे. लांब म्हणून सरळ जाते, रुंद म्हणून उलटत नाही, सामानाला जागा. मध्ये तिसरी बैठक आहे, तिथे बसून एकट्यालाही चालवता येते."

"दोघांची? आणि दुसरं कोण, खलाशांचा संत निकोला?"

"बार्तुलकाका?"

तिसरा. हा माफ नाही.

लाल ठेव म्हणून सांगून आले. एकटीची, मध्यम लांबीची, मागे पायाने फिरवायचं सुकाणू. माझ्या झाडांची फळं मी आणीन. त्याची झाडावर सडू देत!

रविवार, २४ सप्टेंबर

झोप लागली नाही. त्याची झाडं माझ्या झाडांच्या मधेमधे आहेत. सडलेल्या फळांवर माशी येते, मग कुणाची झाडं हे ती विचारत नाही.

मंगळवार, २६ सप्टेंबर

युगो वारा. दक्षिणेकडून मोठ्या, संथ लाटा. डोकं दुखतंय. खाली तो खोकतोय. खोकू दे.

बुधवार, २७ सप्टेंबर

अजून युगो. खालून भाजलेल्या सार्डिन माशांचा वास. एकट्यासाठी एवढे भाजतात का कुणी?

गुरुवार, ५ ऑक्टोबर

बाजारात ज्वोनको भेटला. मी दोन वाक्यं तयारच ठेवली होती. पहिलं बोलले — "बरी चालते ना, चोरलेली बोट?"

तो गोंधळला. "चोरलेली? मावशी, मला नको होती हो. बार्तुलकाकांनी गळ्यात मारली. तुम्हाला बोलले नाहीत?"

"काय बोलला नाही?"

मग तो टोमॅटो चाचपत राहिला. शेवटी बोललाच. वसंतात बार्तुलने तीनदा बोट बेटाच्या खडकाला घासली. तिन्ही वेळा डावी बाजू. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, डावीकडचं दिसणं गेलं, परत येणार नाही. समोरचं दिसतं, उजवीकडचंही. डावीकडे काहीच नाही.

"म्हणाले, पेरे तोडणीला चल म्हणेल आणि मला नाही म्हणता येणार नाही. तिला खडकावर नेऊन आपटण्यापेक्षा तिच्या शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

दुसरं वाक्य बोललेच नाही. टोमॅटोही घ्यायचे राहिले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मला न सांगता आंधळा होतो म्हणजे काय! एकाच घरात! एकाच जिन्यावर! उद्धट म्हणवून घेईल, चोर म्हणवून घेईल, पण "पेरे, मला दिसत नाही" एवढं म्हणणार नाही. आमच्या आख्ख्या घराण्याचा हा माज!

कुंडी डावीकडे होती. धक्क्यावर मी डावीकडे होते.

कुंडी उजवीकडे हलवली. कुणी विचारलंच तर उन्हासाठी.

शनिवार, ७ ऑक्टोबर

निवेसला म्हटलं, लाल नको. हिरवी दाखव.

"आणि दुसरं कोण?"

"तुझी जीभ कुणी तासली ग?"

दोघी बसून बेटापर्यंत जाऊन आलो. जाताना शांत, येताना माएस्त्राल. पाणी अंगावर आलं, भोकांतून गेलं. हिरवी सरळ राहिली. खडकाजवळ मी एकटीने वळवली. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा नीट लागली.

सगळं बसण्यावर आहे. मागचा दिशा देतो. पुढच्याने फक्त समोर बघायचं आणि वल्हं मारायचं.

निवेस म्हणाली, "बार्तुलकाका आयुष्यात कधी कुणाच्या पुढे बसलेत? जन्मभर मागे सुकाणूवर. ऐकतील?"

हाच तर प्रश्न आहे.

रविवार, १५ ऑक्टोबर

हिरवी विकत घेतली, धक्क्याच्या आमच्या लोखंडी कड्याला बांधली. ही चिठ्ठी त्याच्या पायरीवर, उजव्या बाजूला, दगडाखाली ठेवली:

बार्तुल, तोडणी शनिवारपासून. तू पुढे बसायचं, मी मागे. डावीकडचं मी बघेन. वळून वळून सूचना द्यायच्या नाहीत. येतोस की नाही, ते लेखी कळव — शुक्रवार, २० ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत.