चष्मेवाल्याची बदली व्हावी म्हणून

ती. भाऊजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आणि ताईचा राग? (दोन्ही एकदमच उसळतात असं आई म्हणते.) छोटीला दात आले का? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि आई माझ्याविषयीच बोलते. पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुमच्या फोनवर आलेला मजकूर तुमच्याआधी ताई वाचते, आणि हा विषय पुरुषांपुरताच राहिलेला बरा.

भाऊजी, तुम्ही एवढ्या मोठ्या इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात साहेब आहात, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण तुमच्या कंपनीने माझ्या आयुष्याची माती केली, हेही तुमच्या कानावर घालायलाच हवं. आमच्या मालकांचा धंदा छोटा. चार गल्ल्या, एक शिडी आणि मी. तरी घराघरांत नेट आम्हीच पोचवलं, आणि ते बंद पडलं की लोक आमच्या नावाने हक्काने शंख करायचे. असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. तेवढ्यात तुमची कंपनी आली. एका सकाळी उठून बघतो तो प्रत्येक खांबावर पाटी, ‘दुप्पट वेग, निम्मा त्रास’. निम्मा त्रास म्हणजे? उरलेला निम्मा कोणाला, हे मला आता कळलंय.

तर मुख्य मुद्दा. शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गणिताच्या बाई राहतात. (बाई म्हणजे वयाने नव्हे, हुद्द्याने. वयाने माझ्याएवढ्याच.) गल्लीतल्या मुलांना त्या घरी बसून कॉम्प्युटरवर शिकवतात. मुलं आपापल्या घरी, बाई आपल्या घरी, मध्ये आमची वायर. मी कॉलेज सोडलं ते गणितामुळे नव्हे, प्राध्यापकांच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे, हे घरात फक्त तुम्हीच मानता. बाईंसारखं कोणी शिकवायला असतं तर आज मी कुठल्या कुठे असतो. बाईंचं नेट दर दोन-चार दिवसांनी अडायचं, मग त्यांचा फोन यायचा, “अहो, आज परत रुसलंय हो,” आणि मी शिडी खांद्यावर टाकून पळत सुटायचो. आमचं सगळं बोलणं झालं ते त्या राउटरच्या लाल दिव्याच्या साक्षीने. तो हिरवा झाला की मला घरी जावं लागायचं, म्हणून मी घाई करत नसे. (मालकांना वाटायचं, मी फार बारकाईने काम करतो.)

आणि मग तुमचा तो माणूस बाईंकडे चाचणीची फुकट वायर घेऊन आला. त्याचं नाव मला माहीत आहे, पण मी ते लिहिणार नाही, चष्मेवाला म्हणतो. शर्टाला इस्त्री, खिशावर कंपनीचं नाव, बाहेर पांढरी गाडी उभी. बूट दाराबाहेर काढतो आणि आतले मोजे अखंड! भिंतीला भोक पाडताना खाली कागद धरतो, चिमूटभर चुना जमिनीवर सांडू देत नाही. बाईंच्या आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “किती टापटीप मुलगा आहे, नाही तर काही जण.” ते काही जण म्हणजे मी एकटाच, भाऊजी. मी पाडलेली भोकं त्या पाहुण्यांना दाखवतात. चष्मेवाला बाईंशी बोलायचा तेही हळू, अदबीने, मध्येच चष्मा पुसत. एवढ्याशा चष्म्याला इतकं काय पुसायचं असतं? मी जिन्यात उभा राहून ऐकायचो आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, आजच्या वर्गाचा पहिला अर्धा भाग यांच्या वायरीवर घेते, दुसरा तुमच्या. जी चांगली चालेल ती ठेवीन. गणितच ते. चष्मेवाल्याची पाळी आली. पडद्यावर सगळी मुलं चौकोनाचौकोनात चकचकीत, एकाच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसत होता. बाई खूश. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. माझं डोकं फिरलं. आता आमच्या धंद्यातलं एक साधं गुपित तुम्हाला सांगतो (मालकांना कळवू नका): आमच्या चारही गल्ल्यांचं नेट एकाच नळाचं पाणी आहे. सगळ्यांनी घेतलं की सगळ्यांना धार बारीक. मी म्हटलं, आज बाईंच्या घरी आख्खा नळ सोडायचा. धावत गच्चीवर गेलो, चारही गल्ल्यांच्या वायरींची पेटी उघडली आणि बाईंची वायर सोडून बाकी झाडून सगळ्यांच्या वायरी उपटल्या. खाली येऊन बघतो तर काय वेग, भाऊजी! आकडा बघून चष्मेवाल्याने चष्मा काढला तो घालायचाच विसरला. मी दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभा राहिलो. आयुष्यात तसा उभा राहण्याचा प्रसंग मला फारसा आलेला नाही.

वर्गात मात्र अगदीच शांतता होती. मला वाटलं, मुलं शिस्तीत बसली आहेत. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मुलं कुठे गेली?”

पडद्यावर बाई एकट्याच होत्या. फार स्वच्छ दिसत होत्या, पण एकट्या. आता मला सांगा, ती सगळी मुलं आमचीच गिऱ्हाइकं, हे ऐन वेळी कोणाच्या लक्षात येणार? चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला, “हे मघाशी गच्चीवर जाऊन आलेत.” (हा असा माणूस आहे, बघा.) तोवर खाली आईबापांचा मोर्चा जमला. आठवड्यावर मुलांची परीक्षा, आणि आज निम्मं प्रमेय हवेत. मी परत गच्चीवर गेलो, पण घाईत कोणाची वायर कोणाला लागली देव जाणे. चष्मेवाल्याने जिन्यातच पायरीवर बसून गल्लीच्या गल्ली तुमच्या कंपनीत भरती केली. सगळ्यांत आधी बाईंनी सही केली. मला एवढंच म्हणाल्या, “तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते कळलं. पण शिकवू कोणाला?”

मालकांनी मला काढलं नाही. फक्त शिडी काढून घेतली.

तेव्हा भाऊजी, पदर पसरून मागणं एकच: त्या चष्मेवाल्याची बदली करा. लांब, जिथे घरं विरळ असतील आणि राहणारी माणसं म्हातारी. तुम्ही साहेब आहात, तुमच्या एका शब्दाचं काम. ताईला नमस्कार, छोटीला पापा, कंबरेला जपा.

तुमचाच,
जळून कोळसा झालेला मेव्हणा

ता. क. बदली अवघड असेल तर राहू द्या. इथली सगळीच घरं तुमची झाल्यामुळे तुम्हाला आणखी एक माणूस लागेलच. इस्त्री मी घरी करीन. मोजे आई शिवून देते म्हणालीय.

आणखी एक ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितोय. नोकरीचंही राहू द्या. तुमचं नेट बाईंच्या घरी सकाळपासून बंद आहे. चष्मेवाला म्हणतो, आधी तक्रार नोंदवा, मग मी येणार, नियम आहे. बाईंनी मला फोन केला. म्हटलं, वायर आमची नाही. म्हणाल्या, “वायर कोणाचीही असू दे हो, तुम्ही या.” आता वर्ग माझ्या फोनच्या नेटवर चाललाय. फोन खिडकीत ठेवलाय, तिथेच रेंज येते, आणि फोन माझा असल्यामुळे मलाही तिथेच बसावं लागतं. बाईंच्या आईंनी स्टूल दिलंय. तेव्हा दोनच गोष्टी. तुम्ही मला ऑफिसच्या सवलतीत फोनचं जे कार्ड दिलं होतं, त्याचा डेटा वाढवून द्या. उद्या मुलांची उजळणी आहे, ती मध्येच तुटली तर बाई मला परत दारात उभं करणार नाहीत. आणि बाईंची तक्रार एव्हाना तुमच्या टेबलावर आली असेल. तिच्यावर तुमच्या विभागाने नेहमीच्याच पद्धतीने काम करावं. अजिबात घाई नको.