नवरीच्या मामाचा पास

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, मावळ,
मु. वडगाव, जि. पुणे
(मार्फत : ग्रामसेवक भाऊसाहेब, बांबूच्या पलीकडून)

विषय : लग्नास आलेल्या पाहुण्यास प्रतिबंधित क्षेत्रातून बाहेर पडून खंडाळ्यास स्वतःच्या घरी जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : भाऊसाहेबांशी बांबूपाशी उभे राहून वेळोवेळी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. मी पवन श्रीपती येवले, राहणार खंडाळा, धंदा पर्यटकांची गाडी चालवणे, सध्या नाइलाजाने मुक्काम बेडशाखालची वाडी, लीलाबाई शेळके यांचे घर. सविनय अर्ज करतो की, मी या वाडीचा रहिवासी नाही, या घरचा नातेवाईक नाही आणि नवरीचा मामा तर मुळीच नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण पुढे येईल.

२. माझा शाळेपासूनचा मित्र प्रदीप याचे लग्न लीलाबाईंची मुलगी प्रतीक्षा हिच्याशी याच घराच्या अंगणात झाले. शासनाचे सर्व नियम पाळण्यात आले. पंचवीस माणसे म्हणजे पंचवीसच, भटजी आणि फोटोवाला धरून. प्रदीपचे सख्खे चुलते सव्विसावे ठरल्याने त्यांनी रस्त्यापलीकडच्या बांधावर उभे राहून अक्षता टाकल्या. त्या म्हशीवर पडल्या. दोन तासांच्या आत लग्न, जेवण आणि रुसवेफुगवे सगळे उरकले. याबाबत कोणाचीही तक्रार नाही.

३. अडचण एकच आली. नवरीचे मामा दत्तोबा हे मुंबईस भांडुपला असतात. त्यांना पास मिळाला नाही म्हणून ते येऊ शकत नाहीत, असे त्यांनी आदल्या दिवशी फोनवर कळवले. लीलाबाईंना हा एकच भाऊ, आणि नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. मामाशिवाय मुलीला बोहल्यावर आणायचे कोणी आणि मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभे राहायचे कोणी, यावरून मांडवात रडारड सुरू झाली. जास्तीचा माणूस बोलवायची सोय नव्हती. तेव्हा हजर माणसांत बिनकामाचा मीच दिसलो. मी नवरदेवाकडचा असूनही मला नवरीमागे उभे करण्यात आले. एका हाताने मी फोन धरला होता, म्हणजे दत्तोबांना भांडुपहून लग्न दिसावे. त्यांचा चेहरा काही दिसला नाही. रेंज नाही म्हणाले.

४. त्यानंतर लीलाबाईंनी मला टॉवेल-टोपी दिली, ओवाळले आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, “आजपास्नं तुमी माजं भाऊ. आता मागं सरायचं न्हाई.” मी हसून हो म्हणालो. साहेब, मी चेष्टा समजलो. या घरात चेष्टा करत नाहीत हे मला नंतर कळले. प्रदीप मात्र अजून चेष्टाच करतो. मी त्याचा मामेसासरा झालो म्हणून फोनवर तो मला नमस्कार घालतो.

५. परत जाताना गाडीत चालकासह तिघांनाच परवानगी होती. गाडी माझी, पण प्रदीपची आई, नवरी आणि प्रदीप असे तिघे झाल्यावर मला जागा उरली नाही. गाडी प्रदीपने नेली. संध्याकाळी दुधाच्या टेम्पोतून मी हमरस्त्याला लागायचे असे ठरले होते. मांडवाचे बांबू सोडायला मी मदत केली, कारण मामा म्हटल्यावर ते आलेच. त्याच संध्याकाळी शेजारच्या दोन घरांत रुग्ण सापडले. आम्ही सोडलेलेच बांबू भाऊसाहेबांनी वाडीच्या तोंडाशी आडवे बांधले. त्यांची गाठ मारायला मीच मदत केली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे.

६. तेव्हापासून मी येथे अडकून आहे. घरात लीलाबाई, त्यांच्या सासूबाई धोंडाबाई आणि मी. अंगावर लीलाबाईंच्या दिवंगत पतीचा लेंगा आहे व तो आखूड आहे. म्हैस माझ्याकडे आली आहे. ती मला पाहुणा समजते आणि घरातली माणसे समजत नाहीत, हे उलटे असते तर बरे झाले असते. धोंडाबाईंना नीट दिसत नाही. त्या मला दत्तोबाच समजतात. “दत्तोबा, तुजी मिशी कुटं गेली?” असे रोज विचारतात आणि कधीकाळी दत्तोबांनी नेलेल्या एका शेळीबद्दल मला रोज बोलणी बसतात. मागच्या शेतातून गुपचूप निघून जावे असा विचार मी एकदा बोलून दाखवला, तर लीलाबाई म्हणाल्या, “भाऊ असा चोरावानी मागल्या दारानं जातो व्हय?” आणि माझी पँट धुवायला घेतली. ती अद्याप वाळलेली नाही. मे महिना आहे, साहेब.

७. घरात दिवसातून दोनदा आपल्या कार्यालयाचा उद्धार होतो, कारण आपण दत्तोबांना पास दिला नाही असे लीलाबाईंचे ठाम मत आहे. तो माझ्याच कानावर पडतो. माझी तपासणी झाली असून मी निरोगी आहे. तरी मला खंडाळ्यास जाऊ द्यावे, ही विनं

चार दिवसांपूर्वी येथवर अर्ज लिहिला आणि फोन आला. रेंजसाठी मी पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गेलो. लग्नात दत्तोबांना माझ्याच फोनवरून लग्न दाखवले होते, म्हणून त्यांच्या घरी माझा नंबर होता. फोन त्यांच्या पत्नी राजेश्वरी यांचा होता. दत्तोबा गेले. रुग्णालयात गेले आणि अंत्यसंस्कारही झाले, घरच्या कोणालाही बघू दिले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीच त्यांना ताप होता. बहिणीने लग्न थांबवू नये म्हणून त्यांनी पासचे कारण सांगितले. साहेब, त्यांनी पासासाठी अर्ज केलाच नव्हता. आपल्या कार्यालयाचा यात काही दोष नाही, आणि या घरात मी आजवर ऐकलेले सर्व शब्द मी मागे घेतो.

राजेश्वरीबाई स्वतः आजारी आहेत. बोलताना त्यांना धाप लागत होती. एवढेच म्हणाल्या, “वन्सं एकल्या असताना सांगू नगा. कोण तरी बाईमाणूस जवळ पायजे.”

मी हे कसे करू ते मला कळत नाही. एरवी अशी बातमी आली असती तर सगळी भावकी अंगणात जमली असती, बायकांनी लीलाबाईंना दोन्हीकडून धरले असते. आज शेजारीण दारातूनच हात हलवते, आणि तेच योग्य आहे. धोंडाबाईंना उठवत नाही. उरलो मी. मी त्यांचा भाऊ आहे असे त्या म्हणतात, पण मी परका पुरुष आहे. त्या कोसळल्या तर मी त्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवू शकत नाही. म्हणून मी अजून सांगितलेले नाही. त्या रोज म्हणतात, “दादाला फोन लावा की,” आणि मी म्हणतो रेंज नाही. हीच थाप दत्तोबांनीही मारली होती. धोंडाबाई मला दत्तोबा म्हणून हाक मारतात आणि मला ओ द्यावी लागते. आता ती ओ माझ्याच्याने देववत नाही. शेळीबद्दल मी काल माफी मागितली.

हा कागद फाडून नवा लिहायला हवा होता, पण घरात दुसरा कोरा कागद नाही. तरी वरील विषय रद्द समजावा. माझ्या सुटकेची मागणी मी मागे घेत आहे. त्याऐवजी विनंती अशी :

प्रतीक्षाला तिच्या आईकडे आत येऊ द्यावे. मी प्रदीपला फोनवर कळवले आणि त्याने तिला सर्व सांगितले आहे. आत आल्यावर क्षेत्र उठेपर्यंत ती येथेच राहील आणि मीही राहीन. बाहेर सोडा म्हणून आम्ही पुन्हा अर्ज करणार नाही. प्रदीप तिला गाडीने बांबूपर्यंत आणील. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणायला मुराळी जातो, भाऊ नाहीतर मामा. मी बांबूपाशी उभा राहून तिला घरी नेईन. त्याआधी मी लीलाबाईंना काही सांगणार नाही. किती दिवस हे मला जमेल ते मात्र लिहून देता येत नाही.

शेवटचे. हे लिहीत असताना लीलाबाई समोर तांदूळ निवडत बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. अर्ज माझ्या जाण्याचा आहे असे त्या धरून आहेत आणि त्याबद्दल रागावल्याही आहेत. तरी आत्ताच म्हणाल्या, “आता लिवताच हाय तर दादाच्या पासचं बी लिवा. पोरीला आणाय मुराळी म्हून त्यो याया पायजे. आन् काय लिवलं ते मला वाचून दावा.” म्हणून त्यांच्यासमक्ष, मोठ्याने वाचत, पुढील ओळ लिहिली :

माझे भाऊ दत्तोबा यांना प्रतीक्षाला माहेरी आणण्यासाठी भांडुपहून मावळात येण्याचा पास मिळावा, ही नम्र विनंती.

वाचून झाल्यावर त्या समाधानाने मान हलवून आत गेल्या आहेत. साहेब, ही मागणी कृपया नामंजूर करू नये. आमचे भाऊसाहेब रोज बांबूपाशी येतात आणि लीलाबाई त्यांना विचारणारच आहेत. प्रतीक्षा येईपर्यंत त्यांना एवढेच सांगितले जावे की अर्ज विचाराधीन आहे. तोवर आपल्या कार्यालयास जी काही बोलणी बसतील, ती आपण सोसावीत. माझ्या वाटणीची मी सोसतो आहे.

स्थळ : बेडशाखालची वाडी
दिनांक : १९ मे २०२१

सोबत : काही जोडलेले नाही. दत्तोबांचा मृत्यूचा दाखला फोनवर आला असून तो भाऊसाहेबांना बांबूपाशी दाखवला आहे. उत्तर लेखी पाठवू नये. तोंडी चालेल.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
पवन श्रीपती येवले
नवरीचा मामा