वहीत आहे म्हणजे आहे

४ फेब्रुवारी, रविवार

कप्तान आज फाटले! म्हणजे डॉक्टरांचा अंतराळपोशाख फाटला, पाठीवर, खुर्चीत बसता बसता. सात वर्षांपूर्वी हाच पोशाख त्यांना ढगळ व्हायचा. तेव्हा दातांचा दवाखाना नवा होता, पेशंट फिरकत नव्हते. आता दवाखाना भरलाय आणि डॉक्टरही. मी वहीत नोंद केली. मास्तरांनी ठरवलं, यापुढे कप्तान पाठ दाखवणार नाहीत.

छापखान्यामागच्या गोदामात आमचं पुठ्ठ्याचं यान उभं आहे. पूर्वी आम्ही सगळे जी मालिका बघायचो ती मध्येच बंद पडली. वैमानिक परक्या ग्रहावर एकटी राहिली, कप्तान तिला आणायला निघाला, आणि संपलं! मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, शेवट आपण करू. चारशे बारा चाहत्यांनी वर्गणी दिली. वर्षात चित्रपट देतो, असं आम्ही छातीठोकपणे सांगून बसलो. आता सात झाली. पगार कोणालाच नाही. रविवार तेवढे आपले.

माझं काम वही. कोणत्या प्रसंगात कोणाचं बटण उघडं होतं, पेला टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यात होता, सगळं टिपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तसंच करवून घ्यायचं. आठवडाभर छापखान्यात मुद्रितं तपासते, रविवारी माणसं तपासते. चूक दिसली की हात शिवशिवतात. मजेत आहे मी!

१ मार्च

तज्ज्ञांचं पत्र आलं. हे आमचे सर्वांत कडक चाहते. नाव मीच ठेवलंय. दर महिन्याच्या एक तारखेला विचारतात, "कधी?" यानाला खिडक्या किती, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. आज मात्र वेगळंच लिहिलंय - "तुम्ही शेवट देणार म्हणून मी जुने भाग बघणं थांबवलंय. अर्धवट आता बघवत नाही."

हे लागलं. तरी नेहमीचंच उत्तर पाठवलं, तांत्रिक अडचण आहे. तांत्रिक! अडचण तीन गल्ल्या सोडून राहते आणि माझी सख्खी धाकटी बहीण आहे.

३ मार्च, रविवार

मास्तरांनी आज हात टेकले. सगळं चित्रण झालंय, राहिलाय तो फक्त शेवटचा प्रसंग. कप्तान वैमानिकाला भेटतो तो. आणि वैमानिक, म्हणजे धाकटी, नाही! दुसरी कोणी घेतली तर चाहते आम्हाला उभे जाळतील.

"बाई, तिला तुम्हीच आणा," मास्तर म्हणाले. "महिनाभरात नाही आली, तर जेवढं झालंय तेवढं पाठवून देऊ आणि गोदाम रिकामं करू."

पुन्हा अर्धवटच?

भांडण काय होतं ते एकदा इथे लिहूनच टाकते. वैमानिकाच्या मनगटावर एक यंत्र असतं - साबणाच्या डबीचं, चंदेरी रंगवलेलं. अगदी पहिल्या दिवशी, पहिल्या प्रसंगात बांधलं होतं. त्यानंतर चार वर्षं त्याचं काम पडलं नाही. मग हा शेवटचा प्रसंग घ्यायला उभे राहिलो, तर धाकटी म्हणाली, डाव्या हातात होतं. मी वही उघडली. उजव्या.

"ताई, हात माझा आहे," ती म्हणाली.

"वहीत आहे म्हणजे आहे," मी म्हटलं. तिथे थांबले असते तर बरं. पण सगळ्यांसमोर पुढे म्हणाले, की हिच्या कधी काही लक्षात राहिलंय का, आईच्या गोळ्यासुद्धा मलाच बघाव्या लागतात. तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. त्याला तीन वर्षं झाली.

वही बरोबर होती, चित्रण लावून बघायची गरजच नव्हती. पण चारचौघांत तसं बोलायला नको होतं.

९ मार्च

आईला सांगितलं. आई दोन्ही घरी जाऊन-येऊन असते आणि इकडचं तिकडे एक अक्षर करत नाही. आज एवढंच म्हणाली, "मग जा की. तुला काय पालखी पाठवायला हवी?"

१२ मार्च

गेले! धाकटी गाडी चालवायला शिकवते. तिच्या घरी जायची हिंमत होईना, म्हणून सरळ क्लासमध्ये पैसे भरले आणि विद्यार्थिनी म्हणून रांगेत बसले. तिने यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडून दिलं.

पहिली दहा मिनिटं क्लच सोडून दुसरा विषय नाही. डावीकडे घे म्हणाली, मी उजवीकडे घेतली. पुन्हा डावीकडे म्हणाली, मी उजवा दिवा लावला. मागचा टेम्पोवाला केकाटायला लागला. तिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला.

तेवढ्यात मी म्हणून टाकलं, "मी तेव्हा फार बोलले. चुकलं माझं."

ती म्हणाली, आरसा बघ, गाडी कडेला घे. घेतली, या खेपेला बरोबर बाजूला. तिने विचारलं, डॉक्टर अजून त्या पोशाखात मावतात का? मी पाठीची हकीकत सांगितली. ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते हसून नव्हे.

येणार आहे! मी मात्र गाडी शिकू नये, असं तिचं स्पष्ट मत आहे.

२४ मार्च, रविवार

झालं! सात वर्षांचं घोडं आज गंगेत न्हालं.

धाकटीचे केस कानापाशी पांढरे झालेत. मी रंग घेऊन तयार होते, पण मास्तरांनी संहितेत "दोन महिन्यांनी" खोडून "सात वर्षांनी" केलं. एका फटकाऱ्यात डॉक्टरांचं पोटसुद्धा अधिकृत झालं! माझ्या वहीची अर्धी पानं बाद झाली, आणि मला जरा वाईट वाटायचं सोडून हसूच येत होतं.

यंत्र मीच बांधायला गेले. तिने दोन्ही हात पुढे केले. "कुठल्या?"

मी वही उघडणार, तेवढ्यात तिनेच उजवा पुढे ठेवला. "वहीत आहे म्हणजे आहे," म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. मी पट्टा आवळला, फार घट्ट होतंय का विचारलं. नाही म्हणाली.

२५ मार्च

पाठ धरलीय, घसा बसलाय. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१९ मे, रविवार

शाळेच्या सभागृहात पहिला खेळ झाला. बाहेरगावच्यांना मास्तरांनी सकाळीच चित्रपट पाठवला. पहिला प्रसंग लागला तेव्हा मी पडद्याकडे पाहिलंच नाही, लोकांची तोंडं बघत होते. शेवटी कप्तान दार उघडतो आणि वैमानिक नुसती म्हणते, "उशीर केलास." सगळं सभागृह उभं राहिलं. सात वर्षं आम्हाला शिव्या घालणारे लोक रडत होते! धाकटीने माझा हात धरला होता.

२० मे

तज्ज्ञांचं पत्र. एक तारीख नसताना! "असा शेवट मिळाला, आता जुने भाग पुन्हा बघेन. एकच चूक. मनगटावरचं यंत्र पहिल्या प्रसंगात डाव्या हातावर आहे, शेवटच्या प्रसंगात उजव्या."

पहिला प्रसंग लावला. थांबवला. डावा.

पहिल्या दिवशी नोंद करताना मी तिच्या समोर उभी होते. माझ्या उजवीकडे दिसलं, उजवा लिहिलं. त्यापायी तीन वर्षं. चारशे बारा माणसं. मास्तरांना चित्रपटाचे तुकडे जोडताना दिसलं होतं म्हणे, पण तुम्हा दोघींना पुन्हा कोण तोडणार, म्हणून ते मूग गिळून बसले.

धाकटीला फोन केला. म्हटलं, "डावाच होता गं."

"हो."

"मग मी पट्टा आवळला तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते की, ताई. तीन वर्षांपूर्वी."