शांताच्या गव्हाच्या पोळ्या

रोहणा, बुधवार, डिसेंबर १९५५

घरोघरचं खाणंपिणं, खर्च लिहायला सरकारी माणूस आला आणि चिठ्ठी निघाली शेजारच्या शांताच्या घराची! आमची काऊन नाई? भाकर तव्यावर टाकून मी भिंतीला कान लावला.

‘आमच्या घरी त रोज गव्हाच्या पोळ्या असतात, भाऊ!’ शांता सांगत होती.

रोज? तिच्या ज्वारीच्या भाकरीचा वास रोज इकडे येतो. मी खरं सांगितलं असतं? छे, पोळीवर तूपही वाढलं असतं.

तो निघाला तेव्हा न राहवून विचारलंच, ‘आमचं काय?’

‘वहिनी, चिठ्ठी निघाली ते घर साऱ्या गावाकडून बोलते. त्यावरूनच दिल्लीवाले ठरवतीन, तुम्हाले काय लागते ते.’

म्हणजे दिल्लीत मीही रोज शांताच्याच पोळ्या खाणार. इथे ताटात भाकर, तीही करपलेली.